अल्पदृष्टी आल्यानंतरचे नऊ महिने: पांढरी काठी, बोलणारा फोन आणि नोटा ओळखणारे अ‍ॅप

काचबिंदूमुळे माझे दृष्टिक्षेत्र दोन्ही डोळ्यांत सुमारे 15 अंशांवर आले आहे. चष्मा लावून मी वर्तमानपत्र वाचते, पण त्याच टेबलावर हाताशी ठेवलेला चहाचा कप मला दिसत नाही आणि तो हमखास लवंडतो. अंधांसाठीच्या सुविधा अशा अर्धवट दिसणाऱ्या माणसाला कितपत उपयोगी पडतात, हे नऊ महिने वापरून पाहिल्यावर लिहीत आहे.

पहिली अडचण प्रमाणपत्राची आली. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार दृष्टिक्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी व 10 अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी ठरते. तरीही तपासणीच्या दिवशी मला केवळ अक्षरांचा तक्ता वाचायला लावला आणि तो मी वाचला म्हणून ‘तुम्हाला तर दिसते’ असे सांगून परत पाठवले. दुसऱ्या खेपेस पेरिमेट्रीचे, म्हणजे दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या तपासणीचे, आलेख सोबत नेले, तेव्हा काम झाले. काचबिंदूच्या रुग्णांनी हे आलेख पहिल्याच दिवशी, न विचारता, पुढे ठेवावेत.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो साध्या घडीच्या पांढऱ्या काठीचा, आणि त्याहून अधिक तिच्या प्रशिक्षणाचा. उभे राहिल्यावर छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोहोचेल एवढ्या लांबीची काठी घ्यावी, उजवे पाऊल पुढे टाकताना तिचे टोक डावीकडे टेकवावे आणि डावे टाकताना उजवीकडे, हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात पायांचा आणि हाताचा मेळ बसायला मला तीन आठवडे लागले. आमचे शिक्षक स्वतः पूर्ण अंध आहेत. ‘ताई, काठी छत्रीसारखी बगलेत धरू नका,’ हे त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितले असेल, कारण ओळखीचे कोणी समोरून आले की मी ती लपवत असे. आता लपवत नाही. मात्र बसमध्ये काठी मांडीवर ठेवून फोनवर काही वाचू लागले की शेजारच्यांच्या नजरा बदलतात आणि एकदा तर ‘सीटसाठी नाटक’ असे स्पष्ट शब्दांत ऐकावे लागले. त्यावरचे प्रशिक्षण कोणी देत नाही.

काठीची मर्यादा अशी की कमरेच्या वरचे तिला काही कळत नाही. दुकानाचा पुढे आलेला पत्रा किंवा टेम्पोचे उघडे फाळके थेट कपाळावर येते. त्यासाठी आयआयटी दिल्लीत विकसित झालेली स्मार्टकेन दोन आठवडे मागून आणली होती. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे ती श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनीने टिपते आणि मूठ थरथरवून इशारा देते. मोकळ्या रस्त्यावर ती उत्तम चालली. मंडईच्या गर्दीत मात्र मूठ सतत थरथरत राहिल्याने मी ती बंदच केली.

फोनवरील टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, मी दिवस मावळल्यानंतर वापरते, कारण तेव्हा डोळे थकलेले असतात. मराठी आवाज स्वच्छ आहे. उजवीकडे बोट सरकवून पुढे जाणे आणि दोनदा टिचकी मारून निवडणे अंगवळणी पडले. परंतु माझ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये निम्मी बटणे नुसतीच ‘लेबल नसलेले बटण’ अशी वाचली जातात आणि ओटीपीची मुदत तोवर संपते. दोष टॉकबॅकचा नाही, एवढे खरे.

नोटांचा प्रश्न मला सर्वांत किचकट वाटला. नव्या मालिकेतील 100, 200 आणि 500 रुपयांच्या नोटांची उंची एकच, 66 मिलिमीटर, आणि 200 व 500 च्या लांबीत फरक केवळ 4 मिलिमीटरचा. कडेच्या उठावदार रेषा 100 वर चार, 200 वर चार व मध्ये दोन वर्तुळे, तर 500 वर पाच असतात; पण वापरून मऊ पडलेल्या नोटेवर त्या बोटाला लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेचे 2020 मध्ये आलेले ‘मनी’ अ‍ॅप कॅमेऱ्यासमोर नोट धरली की तिची किंमत बोलते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. घरी ट्यूबलाइटखाली ते क्वचितच चुकले. रिक्षातून उतरताना, अपुऱ्या उजेडात, मागे गाड्या हॉर्न वाजवत असताना मात्र ते सुरू करण्याइतकी उसंत नसते. म्हणून मी पाकिटाचे कप्पे ठरवून घेतले आहेत: 500 मागे, 200 मध्ये, 100 पुढे.

सुगम्य पुस्तकालय या दृष्टिबाधितांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाचे सदस्यत्व घेतले आहे, पण अजून वाचता येत असल्याने तिकडे फारसे फिरकले नाही.

जाता जाता एक सूचना. काठीचे टोक सातव्या महिन्यात झिजले. ते सुटे विकत मिळते. बदलताना आतली ताणलेली इलॅस्टिक दोरी घट्ट धरून ठेवावी, कारण ती नळीत निसटली की बाहेर काढायला डोळस माणसालाही अर्धा तास लागतो.