फ्रेजल व्हर्ब शिकवणारं अ‍ॅप: ऑडिओ भारी, पण 'पुट ऑफ'ला गंडलं (५ पैकी ३ स्टार)

फ्रेजल व्हर्ब म्हणजे 'पुट ऑफ'सारखी इंग्रजीतली जोडक्रियापदं, क्रियापदाला छोटा शब्द जोडला की अर्थच बदलतो. ती शिकवणारं हे अ‍ॅप दोन महिने रोज वापरतोय म्हणून लिहितोय. आधी चांगलं सांगतो, ऑडिओ खरंच भारी आहे. 'पुट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर पडतो हे मला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं, इथे ऐकून ऐकून जिभेवर बसलं. शिवाय 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' एकाच धड्यात घेतलेत ते आवडलं, एकात मीटिंग पुढे जाते आणि दुसऱ्यात रद्दच होते, आणि माझी यात कायम गल्लत व्हायची.

आता प्रॉब्लेम. अ‍ॅपमध्ये 'पुट ऑफ' म्हणजे 'पुढे ढकलणे', विषय संपला. मग सरावात वाक्य आलं 'द स्मेल पुट मी ऑफ', मी लिहिलं 'त्या वासाने माझं मनच उडालं', तर लाल फुली, आणि बरोबर उत्तर काय दाखवलं तर 'वासाने मला पुढे ढकललं'. असं कोण बोलतं हो? मन उडणं, नकोसं होणं हा अर्थ पण रोजच्या बोलण्यात सर्रास येतो, त्याचा पत्ताच नाही. काम किंवा तारीख असेल तर ढकलणं, माणूस असेल तर बहुतेक वेळा मन उडणं, एवढी एक ओळ टाकली असती तरी भागलं असतं.

सगळ्यात जास्त त्रास 'इट'ने दिला. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ' पण चालतं, पण 'इट' किंवा 'देम' आलं की ते मधेच बसवायचं, 'पुट इट ऑफ'. अ‍ॅपने माझं 'पुट ऑफ इट' हिरवी टिक देऊन पास केलं, मी तेच ऑफिसच्या मेलमध्ये लिहिलं आणि मॅडमनी बाजूला घेऊन चूक दाखवली. फार वाईट वाटलं, तो धडा मी तीनदा केला होता.

खरं तर मराठी माणसाला हे प्रकरण पटकन समजावता येतं. आपण 'सांगून टाक', 'देऊन टाक' म्हणतो तेव्हा कोणी काही टाकत नसतं, जोडीला आलं की 'टाक'चा अर्थच बदलतो. मराठीतून शिकवताय तर सुरुवात इथूनच करा ना.

सध्या ऑडिओसाठी अ‍ॅप ठेवलंय, अर्थासाठी वहीत स्वतःची वाक्यं लिहितोय. स्क्रीनशॉट पाठवलेत, दुरुस्ती झाली की स्टार वाढवतो.