बुडालेल्या खंडांची जुनी पुस्तके: कोणाच्या साधनांवर किती विसंबावे?

अटलांटिस, लेमुरिया आणि मू या बुडालेल्या खंडांच्या कथा ज्या इंग्रजी पुस्तकांनी जगभर पोहोचवल्या, ती पुस्तके आता पुनर्मुद्रित स्वरूपात सहज विकत मिळतात आणि चकचकीत मुखपृष्ठांमुळे ती कालपरवा लिहिली असावीत असा भास होतो. त्यांपैकी तीन लेखकांची पुस्तके मी लागोपाठ वाचली. पहिले इग्नेशियस डॉनेली यांचे १८८२ सालचे ‘अटलांटिस: द अँटेडिलुव्हियन वर्ल्ड’, दुसऱ्या प्रतीत डब्ल्यू. स्कॉट-एलियट यांची ‘द स्टोरी ऑफ अटलांटिस’ (१८९६) आणि ‘द लॉस्ट लेमुरिया’ (१९०४) ही दोन छोटी पुस्तके एकत्र बांधलेली आहेत. तिसरे जेम्स चर्चवर्ड यांचे १९२६ सालचे मू खंडावरचे पुस्तक. हे खंड खरोखर होते का, हा प्रश्न या परीक्षणात नाही, कारण त्याचा निकाल भूशास्त्राने केव्हाच लावला आहे. पैसे मोजणारा वाचक म्हणून माझा प्रश्न वेगळा होता. लेखक जे सांगतो ते त्याला कोठून कळले, आणि ज्या साधनाचे तो नाव घेतो तिथपर्यंत वाचकाला स्वतः जाऊन पाहता येते का? बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही कसोटी नवी वाटू नये.

अटलांटिसच्या बाबतीत मूळ साधन एकच आहे, ते म्हणजे प्लेटो. इसवी सनापूर्वी ३६० च्या सुमारास लिहिलेल्या ‘तिमायस’ आणि ‘क्रिटिअस’ या दोन संवादांच्या आधी या बेटाचा उल्लेख कोठेही सापडत नाही. प्लेटोने दिलेली सांगण्याची परंपराही पाहण्यासारखी आहे. इजिप्तमधील साइस येथील पुजाऱ्याने ती हकीकत अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याला सांगितली, सोलोनकडून ती संवादातील वक्ता क्रिटिअस याच्या घराण्यात आली, आणि नव्वदीला टेकलेल्या आजोबांनी दहा वर्षांच्या नातवाला एका सणाच्या दिवशी ती ऐकवली. घटना मात्र त्या पुजाऱ्याच्या काळाच्याही नऊ हजार वर्षे आधीची. त्यातच ‘क्रिटिअस’ अपुरा राहिला आहे. झ्यूस देवांची सभा भरवतो, बोलायला सुरुवात करतो आणि मजकूर तिथेच तुटतो. आडात पाणी आहे ते एवढेच, पोहऱ्यात मात्र पुढच्या लेखकांनी समुद्र भरून आणला आहे.

डॉनेली हे पेशाने वकील आणि मिनेसोटा राज्यातून १८६३ ते १८६९ या काळात अमेरिकी काँग्रेसचे सदस्य. त्यांचे पुस्तक वाचताना वकिलाची सवय पानोपानी जाणवते. आरंभीच ते १३ विधाने क्रमांक घालून मांडतात, आणि आपला युक्तिवाद सुरू करण्यापूर्वी प्लेटोचा अटलांटिसविषयीचा मजकूर वाचकापुढे सलग ठेवतात. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण लेखकाने पुढे त्या मजकुराला किती ताणले आहे हे मोजण्याची पट्टी तो स्वतःच आपल्या हाती देतो. समुद्रतळाविषयी बोलताना ते अमेरिकी ‘डॉल्फिन’ आणि ब्रिटिश ‘चॅलेंजर’ या जहाजांनी घेतलेल्या खोलीच्या मोजमापांचा आधार देतात. जगभरच्या जलप्रलयकथा सांगताना फ्रेंच विद्वान लनॉर्माँ यांचे लेखन उद्धृत करतात; शतपथ ब्राह्मणातील मनू आणि मत्स्य यांची कथाही तिथे त्याच वाटेने येते. थोडक्यात, माणूस कोणाच्या खांद्यावर उभा आहे हे लपवत नाही.

तरीही निष्कर्ष चुकले, आणि ते कसे चुकले हे त्याच साधनांवरून उलगडता येते. अटलांटिक महासागराच्या मधोमध डोंगररांग आहे हे मोजमाप बरोबर होते; पण ती रांग म्हणजे खचलेल्या खंडाचे अवशेष नसून, नवे भूकवच जिथे तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकते ती जागा आहे, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. डॉनेली यांचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण तो त्यांच्या काळातही टाळता आला असता. दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसल्या की त्या एकाच घरच्या, असे ते धरून चालतात. इजिप्तचे पिरॅमिड आणि मेक्सिकोचे पिरॅमिड यांच्यामध्ये केवळ एक महासागर नाही, तर गिझा आणि तेओतिवाकान यांचा विचार केला तर अडीच हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. ग्रीकांचे, फिनिशियनांचे आणि हिंदूंचे देव हे अटलांटिसचे राजेराण्या होते, हे त्यांचे विधान तर आपल्याकडच्या वाचकाला हसू आणणारेच आहे. त्यांनी मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकांच्या लिपीतील ‘अक्षरे’ आणि फिनिशियन अक्षरे यांचा तक्ता शेजारी शेजारी छापला आहे. त्या तक्त्यापाशी मी बराच काळ थांबलो, कारण बुडालेल्या खंडांच्या साहित्यातील सर्वांत मोठी गफलत त्याच झऱ्यातून वाहत आली आहे.

त्या अक्षरांचा उगम दिएगो दे लांडा या स्पॅनिश धर्माधिकाऱ्यापाशी आहे. मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पातल्या मानी येथे १५६२ च्या जुलैत त्याने माया लोकांची हस्तलिखिते जाळली आणि नंतर काही वर्षांनी, १५६६ च्या सुमारास, त्याच लोकांच्या चालीरीतींवर सविस्तर टिपण लिहिले. त्यात त्याने माया ‘वर्णमाला’ नोंदवली. त्याने स्पॅनिश अक्षरांची नावे उच्चारली आणि समोरच्या माया माणसाने त्या उच्चाराची चिन्हे काढून दाखवली. म्हणजे ती अक्षरे नव्हती, उच्चारांचे घटक होते. ही गोष्ट १९५२ साली रशियन संशोधक युरी क्नोरोझोव्ह यांनी दाखवून दिली आणि माया लिपीच्या वाचनाचा खरा मार्ग तिथून उघडला. दरम्यान लांडाच्या टिपणाची नक्कल ब्रासर द बूर्बूर या फ्रेंच धर्मोपदेशकाला माद्रिदमध्ये सापडली होती आणि १८६४ साली त्याने ती प्रसिद्धही केली होती. हीच वर्णमाला किल्ली समजून त्याने ‘त्रोआनो’ नावाचे माया हस्तलिखित उलट्या क्रमाने वाचले, त्यात एका भीषण उत्पाताची कथा पाहिली, आणि लांडाच्या ‘म’ व ‘उ’ यांच्याशी मिळतीजुळती वाटणारी दोन चिन्हे जोडून बुडालेल्या भूमीचे नाव काढले: मू. एका संपूर्ण खंडाचे बारसे इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर झाले आहे.

पुढची पायरी ऑग्युस्त ल प्लाँजाँ यांची. चिचेन इत्झा या माया शहराच्या अवशेषांत १८७५ साली चाकमूलची प्रसिद्ध मूर्ती उकरून काढणारे हे गृहस्थ उत्खननात कष्टाळू होते, पण वाचनात स्वैर. त्यांनी त्रोआनोचे जे भाषांतर केले त्यात माया पंचांगातील ६ कान या वर्षी, झाक महिन्यात, ११ मुलुक या दिवशी भयंकर भूकंप सुरू झाले आणि दहा देश ६ कोटी ४० लाख रहिवाशांसह बुडाले, असे आहे. ही घटना ग्रंथलेखनाच्या ८,०६० वर्षे आधीची, असेही त्यात सांगितले आहे. हा परिच्छेद स्कॉट-एलियट यांनी अटलांटिसचा पुरावा म्हणून घेतला आहे आणि चर्चवर्ड यांनी मूचा पुरावा म्हणून घेतला आहे. तारीख तीच, आकडा तोच. फरक इतकाच की एका पुस्तकात ती माणसे अटलांटिक महासागरात बुडतात आणि दुसऱ्यात प्रशांत महासागरात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचल्याशिवाय ही गंमत लक्षात येत नाही, आणि सुटी सुटी विकत घेणाऱ्या वाचकाला ती कोणी सांगतही नाही. त्रोआनो हा आज माद्रिद कोडेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ११२ पृष्ठांच्या हस्तलिखिताचा एक भाग आहे. त्यात पंचांगे आहेत, पाऊस, शिकार आणि विधी यांचे मुहूर्त आहेत, मधमाश्या पाळण्याविषयीची पाने आहेत. खंड बुडाल्याची कथा त्यात नाही.

स्कॉट-एलियट यांच्या पुस्तकात मुख्य साधनाचे स्वरूपच बदलते. ते थिऑसॉफी, म्हणजे गूढ ज्ञानावर भर देणाऱ्या पंथाचे. पहिल्या पुस्तकाला ए. पी. सिनेट यांची प्रस्तावना आहे. हे सिनेट अलाहाबादच्या ‘पायोनियर’चे संपादक होते, आणि ज्या पंथाचे ते अनुयायी झाले त्याचे ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक १८७९ साली आपल्या मुंबईत सुरू झाले होते. सुरुवातीला स्कॉट-एलियट समुद्राची खोली, प्राणी व वनस्पती, भाषा, धर्मविधी आणि प्राचीन लेखकांच्या साक्षी अशी पाच प्रकारची प्रमाणे मांडतात, म्हणजे बव्हंशी डॉनेली यांच्याच वाटेने चालतात. त्यानंतर मात्र दिव्यदृष्टीने पाहिलेली हकीकत सुरू होते. पाहणाऱ्याचे नाव पुस्तकात नाही. ती माहिती याच पंथातील सी. डब्ल्यू. लेडबीटर यांच्याकडून आली, असे सामान्यतः मानले जाते. ज्याचा आगापिछा सांगता येत नाही अशा या साधनातून आलेला तपशील विलक्षण नेमका आहे. अटलांटिसचा शेवटचा तुकडा इसवी सनापूर्वी ९५६४ या वर्षी बुडाला, असे ते ठाम सांगतात. प्लेटोला ‘नऊ हजार वर्षांपूर्वी’ एवढ्यावरच थांबावे लागले होते.

नकाशांविषयी तर लेमुरियाच्या पुस्तकात एक कबुली आहे, आणि संपूर्ण प्रतीत मला सर्वाधिक आवडलेला मजकूर तोच. अटलांटिसच्या नकाशांसाठी नक्कल करायला पृथ्वीचा गोल, भाजलेल्या मातीतले उठावाचे चांगले शिल्प आणि चामड्यासारख्या वस्तूवरचा सुस्थितीतला नकाशा होता. लेमुरियाच्या वेळी मात्र मातीची फुटकी प्रतिकृती आणि चुरगळलेला, खराब झालेला नकाशा एवढेच मिळाले, म्हणून तपशील ध्यानात ठेवून परत आणणे कठीण गेले, अशा आशयाची तक्रार लेखक करतो. या सर्व वस्तू दिव्यदृष्टीतल्या आहेत, हे वाचताना विसरू नये. दप्तरखान्यात वाळवी लागल्याची तक्रार करणारे संशोधक आपण पाहिले आहेत, पण ध्यानात दिसलेला कागद चुरगळलेला निघाल्याची तक्रार प्रथमच वाचली. याच परंपरेतील मूळ ग्रंथ, मॅडम ब्लॅव्हॅट्स्की यांचा १८८८ सालचा ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’, हाही छापील पुस्तकांपासून मुक्त नव्हता. विल्यम एमेट कोलमन यांनी १८९५ साली त्यातील उताऱ्यांचा माग काढून विल्सनकृत विष्णुपुराणाचे भाषांतर आणि विंचेल यांचे सृष्टीविज्ञानाचे पुस्तक ही त्याची प्रमुख उगमस्थाने असल्याचे दाखवले.

लेमुरियाची मूळ कल्पना मात्र निखळ शास्त्रीय होती, आणि एवढ्यासाठी तरी तिचा वेगळा उल्लेख करायला हवा. लेमूर हे प्राणी मादागास्करमध्ये आणि त्यांचे भाऊबंद भारतात कसे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांनी १८६४ साली एका लेखात हिंदी महासागरातील लुप्त भूमी सुचवली. पुढे भूखंडच सरकतात हे कळल्यावर त्या भूमीची गरज उरली नाही. भारत आणि मादागास्कर सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून सुटले. स्क्लेटरचे गृहीतक खोडता आले, कारण ते खोडता येईल अशा रीतीने मांडलेले होते. त्याच भूमीवर बारा ते पंधरा फूट उंचीची माणसे वसवणाऱ्या पुस्तकाविषयी असे म्हणता येत नाही.

चर्चवर्ड यांचे पुस्तक तिघांत सर्वांत वाचनीय आणि सर्वांत निराधार आहे. भारतात दुष्काळाच्या काळात एका मंदिरातील मुख्य पुजाऱ्याने आपल्याला ‘नाकाल’ भाषेतील प्राचीन मृत्फलके दाखवली आणि वाचायला शिकवली, असे ते सांगतात. मंदिर कोणते, गाव कोणते, हे ते सांगत नाहीत. फलकांची छायाचित्रे नाहीत आणि नंतर ती कोणी पाहिलीही नाहीत. एवढ्यावरून माणसाला खोटे ठरवू नये, असे कोणी म्हणेल. पण ‘नाकाल’ हे नाव ल प्लाँजाँ यांच्या १८९६ सालच्या पुस्तकात माया धर्मप्रसारकांसाठी आधीच छापून आलेले आहे, आणि त्यांच्यासाठी चर्चवर्ड देतात तो वाल्मीकीचा हवालाही तिथेच आहे. भारतीय पुजाऱ्याने शिकवलेल्या भाषेचे नाव युकातानवरच्या पुस्तकात सापडावे, हे साधनांची तुलना करणाऱ्याला पुरेसे बोलके आहे. रामायण घरी असलेल्या वाचकाने तो हवाला स्वतःच ताडून पाहावा. चर्चवर्ड यांचे दुसरे साधन म्हणजे विल्यम निव्हन यांनी मेक्सिकोत जमवलेली अडीच हजारांहून अधिक दगडी फलके. ती निदान दुसऱ्या माणसाने आणलेली होती. त्यांवरील खुणांचा अर्थ मात्र चर्चवर्ड पुन्हा त्याच अदृश्य मृत्फलकांच्या आधारे लावतात, आणि वर्तुळ पूर्ण होते.

आता प्रतींविषयी. भारतात प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि चर्चवर्ड १९३६ साली वारले, तेव्हा या मजकुरासाठी मोठी किंमत मोजण्याचे काही कारण नाही. डॉनेली आणि स्कॉट-एलियट तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत वाचता येतात. मी स्कॉट-एलियट यांची जी पुनर्मुद्रित प्रत मागवली तिची बांधणी चांगली आणि अक्षर मोठे होते, परंतु मजकुरात नकाशांचा वारंवार उल्लेख असूनही एकही नकाशा छापलेला नव्हता आणि विक्रीच्या पानावर तसे सांगितलेलेही नव्हते. या पुस्तकाचे मोल उरले असेल तर ते नकाशांतच, त्यामुळे घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. डॉनेली यांची प्रत घेताना लांडाच्या अक्षरांचा तक्ता आणि समुद्रतळाचा नकाशा स्वच्छ छापला आहे का, हे पाहावे.

विकत घेण्यासारखे पुस्तक माझ्या मते एकच, डॉनेली यांचे. ते उघडल्यावर आधी त्यातला प्लेटोचा भाग वाचावा, मग दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत, आणि त्यानंतर ती १३ विधाने वाचावीत. चर्चवर्ड ग्रंथालयातून आणून वाचण्यापुरते ठीक आहेत. नकाशांविना आलेली प्रत मी परत केली.