सहा पाईलची कॅप: एक्सेल शीट पुरे की स्प्रिंग मॉडेल करायचं?

पाईल म्हणजे जमिनीत खोल उतरलेले खांब आणि कॅप म्हणजे त्यांच्या डोक्यावरचा काँक्रीटचा जाड ठोकळा. कॉलमचा लोड कॅपमधून कुठल्या पाईलवर किती जातो, हे एक्सेल शीटवर काढायचं की कॉम्प्युटर मॉडेलमध्ये, हा प्रश्न. एक साधी केस घेऊ. 800 मिमी व्यासाचे सहा पाईल, तीन-तीनच्या दोन ओळी, सेंटर टू सेंटर 2.4 मीटर. कॅपचं वजन धरून 600 टन लोड आणि लांब बाजूच्या दिशेने 120 टन-मीटर मोमेंट (कॅपला तिरकी करू पाहणारा जोर).

शीटवाली पद्धत कॅपला एकदम कडक मानते, म्हणजे कॅप वाकणार नाही, फक्त खाली बसेल आणि तिरकी होईल. मग 600 भागिले 6 म्हणजे 100 टन, आणि मोमेंटचे 120 गुणिले 2.4 भागिले 23.04 (अंतरांच्या वर्गांची बेरीज), म्हणजे 12.5 टन. एका टोकाचे दोन पाईल 112.5, मधले 100, दुसऱ्या टोकाचे 87.5. पाच मिनिटांत झालं आणि चेकिंगवाल्यालाही पटतं.

स्प्रिंग मॉडेलमध्ये कॅप म्हणजे वाकू शकणारी प्लेट आणि प्रत्येक पाईलच्या जागी एक स्प्रिंग. कॅप पातळ असेल तर कॉलमजवळचे मधले पाईल जास्त ओढून घेतात, समजा 110 झाले, तर टोकाचे 107.5 आणि 82.5 होतात. इथे एक गोष्ट बघा, दोन टोकांतला फरक तोच 25 टन राहिला! पाईलच्या डोक्याला हिंज धरलं असेल (म्हणजे पाईलचं डोकं मोमेंट घेत नाही) तर तो बदलूच शकत नाही, इक्विलिब्रियमच (बलांचा समतोल) तसं सांगतं. त्यामुळे असं मॉडेल 25 सोडून भलतंच काही दाखवायला लागलं तर आधी इनपुट तपासा. आणि कृपा करून पाईलच्या जागी स्टॅडमध्ये (स्ट्रक्चरच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर) सरळ फिक्स्ड, म्हणजे जराही न हलणारा, सपोर्ट टाकू नका, मग मधल्या दोघांवर भलताच बोजा येतो आणि टोकाचे जवळजवळ सुट्टीवर.

तरी मॉडेल म्हणजे खरं असंही नाही हां. सुट्या स्प्रिंग एकमेकींना ओळखत नाहीत, मातीतून पाईल मात्र एकमेकांना ओढतात, आणि कडक कॅपखाली चिकणमातीत उलट कोपऱ्याचे पाईलच जास्त लोड घेतात. पूलॉस यांचे इंटरॅक्शन फॅक्टर (एका पाईलच्या लोडने शेजारचा किती बसतो ते सांगणारे आकडे) त्यासाठीच आहेत, साध्या मॉडेलमध्ये ते आपोआप येत नाहीत.

माझं मत विचाराल तर कॉलमच्या तोंडापासून बाहेरच्या पाईलच्या सेंटरपर्यंतचं अंतर कॅपच्या जाडीच्या दीडपटीत बसत असेल आणि पाईल सगळे सारखे असतील तर शीटच करा, मॉडेलने फार काही मिळत नाही. राफ्टसारखी पसरट कॅप, शिअर वॉलखालचे (आडवे जोर घेणारी काँक्रीटची भिंत) वीस-तीस पाईल, अर्धे पाईल खडकात आणि अर्धे मऊ थरात, असं असेल तर मॉडेल टाळू नका.

आडव्या लोडचं वेगळं. शीट म्हणते एकूण आडवा लोड भागिले सहा, आणि पाईलमधला मोमेंट आयएस 2911 (पाईलचं भारतीय मानक) मधल्या डेप्थ ऑफ फिक्सिटीवरून, म्हणजे पाईल जमिनीत जिथे घट्ट धरलाय असं मानतात त्या खोलीवरून. बिल्डिंगला चालतं. पण जेट्टीसारखं जिथे पाईल पाण्यात कितीतरी मीटर मोकळे उभे असतात तिथे ती सगळी फ्रेमच आहे, तिला शीटमध्ये कोंबू नका. (मुंबईच्या कोस्टल रोडवर मोनोपाईल वापरलेत, एका पिअरखाली एकच पाईल, म्हणजे वाटणीची भानगडच नाही. हेवा वाटतो.)

खरी परीक्षा होते ती साईटवर एखादा पाईल इंटिग्रिटी टेस्टमध्ये (पाईल आतून धड आहे का याची चाचणी) बाद झाल्यावर. आपल्या सहातला कोपऱ्याचा एक गेला की उरलेल्या पाचांचा सेंटर 480 मिमी सरकतो, म्हणजे 600 गुणिले 0.48, 288 टन-मीटर नवीन मोमेंट. मूळ मोमेंट त्याच बाजूचा असेल तर एकूण 408, शिवाय दुसऱ्या दिशेलाही 240 मिमी एक्सेंट्रिसिटी (लोड सेंटरपासून तेवढा बाजूला). आणि लेआउट आता सिमेट्रिक नसल्याने साधा फॉर्म्युला चुकतो, x गुणिले y ची (प्रत्येक पाईलची सेंटरपासून दोन दिशांतली अंतरं) बेरीज शून्य राहत नाही, ती टर्म घालावीच लागते. शीटमध्ये ती नसेल तर त्या दिवशी सरळ मॉडेल उघडा.

मॉडेल केलंच तर स्प्रिंगचा आकडा लोड टेस्टमधून घ्या, म्हणजे 100 टनाला 4 मिमी बसला तर 25 टन प्रति मिमी. ग्रुपमध्ये पाईल याहून जास्त बसतात, म्हणून अर्धा आणि दुप्पट आकडा टाकूनही रन करा. तिन्हींमध्ये पाईलचे लोड फारसे हलले नाहीत तर शीटचाच रिझल्ट सबमिट केला तरी चालतोय.