ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल बदलल्यानंतरचे आठ महिने

जुलैमध्ये ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरूघाटाच्या चढावर, एका वळणात, इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) एकदम वाढले आणि गाडी मात्र क्षणभर घुटमळली, तेव्हा दोनच महिन्यांपूर्वी गिअरबॉक्सचे ऑइल बदलून घेतल्याचा मला मनापासून पश्चात्ताप झाला. चांगली चाललेली गाडी आपणच पैसे मोजून बिघडवली, असे वाटून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

गाडी सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग असलेली), नऊ वर्षांची आणि ७२,००० किलोमीटर चाललेली आहे. हे ऑइल आयुष्यभरासाठी असते, असे मला प्रत्येक सर्व्हिसिंगला सांगण्यात आले होते. परंतु झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सचे ऑइल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरवर किंवा आठ वर्षांनी बदलण्यास सांगते. माझा गिअरबॉक्स त्या कंपनीचा नाही. तरीही जे ऑइल आतल्या क्लचना दाब पुरवते, भाग वंगणात ठेवते आणि उष्णताही वाहून नेते, ते इंदूरच्या उन्हाळ्यात, पलासियाच्या गर्दीत सरकत-थांबत चालणाऱ्या गाडीत आयुष्यभर कसे टिकेल, हे मला पटत नव्हते.

मे महिन्यात ते बदलले. मशीन लावून सगळे ऑइल काढण्याचा खर्च मला परवडणारा नव्हता, म्हणून फक्त ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढण्याचे खालचे बूच, उघडले. साडेतीन लिटर निघाले; जवळपास तेवढेच कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहते. निघालेले ऑइल लाल नव्हे, गडद तपकिरी होते, पण त्याला जळका वास नव्हता आणि धातूचा कीस पकडणाऱ्या आतल्या चुंबकावर फक्त मऊ राखाडी लेप होता, धातूचे तुकडे नव्हते. इथवर सगळे ठीक होते.

चूक झाली ती पातळी तपासताना, आणि या एका गोष्टीवर मी कितीही लिहिले तरी ते कमीच आहे. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे पातळी मोजण्याची पट्टी, नाही. गाडी लिफ्टवर अगदी सपाट ठेवून, इंजिन चालू असताना, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून, ऑइल ३५ ते ४५ अंशांवर आल्यावर खालचा तपासणी प्लग उघडायचा असतो. बारीक धार येऊन ती थेंबांवर आली की पातळी बरोबर. वर्कशॉपमध्ये मात्र चक्कर मारून आलेल्या तापलेल्या गाडीचे इंजिन बंद करून प्लग उघडला गेला. तापलेले ऑइल फुगलेले असते, शिवाय इंजिन बंद होताच कन्व्हर्टरमधले काही ऑइल खाली उतरते, त्यामुळे ते भरपूर वाहिले. "जास्तीचे होते, निघून गेले," असे मला सांगण्यात आले आणि मी समोर उभा असूनही ते मान्य केले. तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्यांनी गाडीच्या वयाकडे बोट दाखवले.

राजेंद्रनगरच्या एका मिस्त्रीने आदल्या रात्रीपासून उभी असलेली गाडी सकाळी थंड असतानाच घेतली, स्कॅनर जोडून ऑइलचे तापमान मला स्क्रीनवर दाखवले आणि ४० अंशांवर प्लग उघडला. एक थेंबही आला नाही. "काका, ऑइल वाईट नाही, अपुरं आहे," असे तो म्हणाला आणि त्याने सुमारे ९०० मिलिलिटर ऑइल घातल्यावर धार सुरू झाली. सकाळी डी (पुढे जाण्याचा गिअर) टाकल्यावर गाडी हलायला जो विलंब लागे, तो त्याच दिवशी गेला.

त्यामुळे ऑइल बदलल्याने गाडी बिघडली, हे जुलैतले माझे मत मी बदलले. ऑक्टोबरमध्ये त्याच मिस्त्रीकडून पुन्हा साडेतीन लिटर बदलून घेतले. आता आत सुमारे तीन चतुर्थांश ऑइल नवे आहे. दोन वेळांचा खर्च मिळूनही मशीनच्या खर्चापेक्षा कमीच झाला. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना पूर्वी जो हलका धक्का बसे, तो आता जाणवत नाही, आणि डिसेंबरमध्ये चार माणसे व सामान घेऊन तोच घाट चढताना आरपीएम एकदाही विनाकारण वाढले नाहीत. प्लगचा तांब्याचा वॉशर दोन्ही वेळा नवा घातला होता, तेथे गळती नाही. पुढच्या वेळी जॉब कार्डवर पातळी तपासतानाचे तापमान लिहून घेतल्याशिवाय मी बिल चुकते करणार नाही.