निक्सीचा सप्लाय घेताय? आधी लोड देऊन बघा

सहा आयएन-१४ निक्सी ट्यूबचं (काचेच्या नळीत आकडे उजळतात ना, त्या) घड्याळ जमवत आणलं होतं. फक्त १२ व्होल्टचे १७० करणारा बूस्ट सप्लाय तेवढा राहिला होता. तो स्वतः बांधायचा सोडून तयार बोर्ड मागवला आणि तिथेच फसलो.

जाहिरातीत सगळं होतं: मॅक्स १७७१ कंट्रोलर, आयआरएफ ७४० मॉस्फेट (वेगाने चालू-बंद होणारा स्विच), फास्ट डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), ८५ टक्के एफिशियन्सी. सोबत व्हिडिओ, मल्टीमीटरवर स्थिर १८० व्होल्ट. बोर्ड आला तो काळ्या हीटश्रिंकमध्ये (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) गच्च गुंडाळलेला. शॉक लागू नये म्हणून, असं विक्रेता म्हणाला. मला ते पटलं, कारण १७० व्होल्ट डीसीशी खेळ नको हे खरंच आहे.

घड्याळाला जोडला, आकडे छान उजळले. दहा मिनिटांत मात्र जळका वास यायला लागला. मग ट्यूब काढून लोड म्हणून, म्हणजे वीज खाण्यासाठी, १२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर जोडला. आउटपुट १७० व्होल्ट, म्हणजे साधारण २.४ वॅट. इनपुटला मात्र १२ व्होल्टवर ०.४३ अँपिअर, ५ वॅटच्या वर. निम्म्याहून जास्त वीज नुसती उष्णता होऊन जात होती. व्हिडिओ परत पाहिला, तर मीटरशिवाय आउटपुटला काहीच जोडलेलं नव्हतं. लोडच नसेल तर रद्दी सर्किटसुद्धा १८० व्होल्ट दाखवतं.

रागाच्या भरात हीटश्रिंक कापलं. कंट्रोलर आयसीवरचा नंबर खरवडलेला. डायोड साधा १एन ४००७. तो घरगुती विजेच्या ५० हर्ट्झसाठी ठीक आहे, पण हजारो हर्ट्झच्या स्विचिंगमध्ये तो वेळेत बंद होत नाही, करंट उलटा गळतो आणि मॉस्फेट तापतो. इथे यूएफ ४००४ सारखा डायोड लागतो, तो ५० नॅनोसेकंदांत बंद होतो. आउटपुटचा कपॅसिटर तर १६० व्होल्टपर्यंतच चालणारा! हे सर्वांत धोकादायक, तो कधीही फुटला असता. मॉस्फेटवर आयआरएफ ७४० छापलेलं होतं. गेटला (मॉस्फेट चालू करणाऱ्या पिनला) १० व्होल्ट देऊन १ अँपिअर सोडला, की खऱ्यावर जास्तीत जास्त अर्ध्या व्होल्टच्या आसपास व्होल्टेज ड्रॉप दिसतो. याच्यावर दीड व्होल्ट दिसला.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, तुम्ही पॅकिंग फोडलंय, आता परत घेता येणार नाही." हीटश्रिंक कशासाठी होतं ते तेव्हा कळलं. म्हणून सांगतो, आधी न उघडता लोडवर इनपुट-आउटपुट मोजा, मीटरच्या आकड्यांचे फोटो काढा, परत करायची मुदत संपायच्या आत कळवा. उघडायचाच झाला तर कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून मगच हात लावा.

दुसरा बोर्ड घेतला तो उघडा, प्रत्येक नंबर वाचता येणारा. त्याच रेझिस्टरवर तो ०.२४ अँपिअर घेतो. तासाभरानंतर बंद करून, कपॅसिटर डिस्चार्ज करून बघितलं तरी मॉस्फेटवर बोट ठेवता येतं.