पिकुआल, ओखिब्लांका, आर्बेकिना आणि एक खवट बाटली

ऑलिव्ह तेलाच्या तिन्ही बाटल्यांवर 'एक्स्ट्रा व्हर्जिन', म्हणजे सर्वात वरच्या प्रतीचं, असं लिहिलंय, तिन्ही तेलं गेल्या नोव्हेंबरात काढलेली, आणि तरी एकीची चव दुसरीशी मुळीच जुळत नाही. माद्रिदला येऊन मला नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली चार-पाच वर्षं मी ऑलिव्ह तेल म्हणजे एकच तेल असं धरून चालले होते आणि घशाला लागेल ते खराब समजून बाजूला सारत होते. भारतातून येणारे पाहुणेही हेच करतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही तिन्ही तेलं मी दक्षिण स्पेनमधल्या खाएन प्रांतात, बाएसा गावाजवळच्या एका छोट्या घाण्यावरून आणली. घाण्याला इथे 'आल्मासारा' म्हणतात, शब्द अरबीतून आलेला. तिथे विकत घेण्याआधी चाखायला देतात. आमच्या सोलापूरच्या घरी करडईच्या तेलाचा डबा आला की अण्णा आधी झाकण उघडून वास घेत, मगच डबा आत जाई. इथलं चाखणंही वासापासूनच सुरू होतं. निळ्या काचेचा छोटा पेला असतो. निळा अशासाठी, की तेलाचा रंग दिसू नये; हिरवं दिसलं की चांगलंच असणार, असं मन आधीच ठरवून बसतं. पेला झाकून तळहातात धरायचा, साधारण २८ अंशांपर्यंत कोमट होऊ द्यायचा, मग वास, मग छोटा घोट, तोंडाने हवा आत ओढत. दोन तेलांच्या मधे सफरचंदाची फोड.

पिकुआल हे खाएनचं मुख्य वाण, तिथल्या टेकड्याच्या टेकड्या त्याने भरल्यात. टोमॅटोच्या रोपाचं पान चुरगळलं की बोटांना जो हिरवा, उग्र वास राहतो, थेट तो वास. मागून अंजिराच्या पानाचा. जिभेच्या मागच्या भागावर कडवटपणा येतो आणि गिळल्यावर दोन-तीन सेकंदांनी घशात ठसका लागतो. हा ठसका म्हणजे दोष नव्हे. तो ओलिओकँथाल नावाच्या द्रव्याचा. गॅरी बोशँप या शास्त्रज्ञाला सिसिलीत ताजं तेल चाखताना घशात अगदी आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या पातळ औषधासारखी चुरचुर जाणवली होती. त्यावरून शोध घेऊन त्यांच्या गटाने २००५ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की हे द्रव्य आयबुप्रोफेनच्याच वाटेने काम करतं. मिरची जीभ भाजते. हे जिभेला सोडून घशातच लागतं.

घरून आलेल्या शेंगाचटणीवर मी हे तेल कच्चं ओतते. करडईच्या तेलानंतर त्या चटणीला साजेसं मला मिळालेलं हे पहिलं तेल. लसूण आणि तिखट यांच्यासमोर ते दबत नाही. तापवलं तर चांगलं टिकतंही, इथली घरं त्यात सर्रास तळतात. पण सुरुवातीच्या तोडणीची महाग बाटली तळणीत घालू नये. तो हिरवा वास कढईतच उडून जातो. तळायला उशिराच्या तोडणीचं घ्यावं. जानेवारीत फळ काळं झालं की त्याच झाडाचं तेल मऊ, कमी कडू निघतं, आणि जास्त सुटतं म्हणून स्वस्तही पडतं.

ओखिब्लांका म्हणजे 'पांढरं पान'. पानाची खालची बाजू चंदेरी दिसते. हे वाण कोर्दोबा आणि मालागाकडचं. सुरुवात गोडसर, मग नुकत्याच कापलेल्या गवताचा वास, हिरवा बदाम, आणि शेवटी हलकी चुरचुर. काकडीच्या कोशिंबिरीवर छान लागलं. फोडणीत मात्र मोहरी-हिंगापुढे काही उरलं नाही.

आर्बेकिनाला कातालोनियातल्या आर्बेका गावाचं नाव आहे. फळ अगदी बारीक. तेलात सफरचंद आणि पिकलेलं केळं, ठसका जवळजवळ नाही. माझी लेक पावावर हेच मागते, आणि संत्र्याच्या केकमध्ये मी लोण्याऐवजी हेच घालते. ज्यांना कडू नको त्यांनी इथून सुरुवात करावी. पण ते पिकुआलइतकं टिकाऊ नाही. माझी बाटली उघडल्यावर दोन महिन्यांत फिकी पडली.

आता चौथी बाटली. ही एका दुकानातून घाईत घेतलेली, पारदर्शक काचेची, दिव्याखालच्या फळीवरची, तोडणीचा हंगाम कुठेच न छापलेली. झाकण उघडलं आणि दिवाळीनंतर महिनाभर डब्यात राहिलेल्या चकलीचा वास आला. खवट, दुसरा शब्दच नाही. ना कडू, ना ठसका, नुसता तेलकट थर. एक्स्ट्रा व्हर्जिनचा नियम असा की मुक्त आम्लता, म्हणजे तेलातल्या सुट्या मेदाम्लांचं प्रमाण, ०.८ टक्क्याच्या आत हवी आणि चाखणाऱ्यांना एकही दोष सापडता कामा नये. ही आम्लता जिभेला कळत नाही, खवटपणा मात्र कुणालाही कळतो. बाटली भरताना तेल नियमात बसलं असेलही, पण उजेडाने आणि दिवस गेल्याने ते त्या नावाला पात्र राहिलं नव्हतं. मी ते दिव्यात घातलं.

नुसतं 'ऑलिव्ह ऑइल' लिहिलेली बाटली म्हणजे शुद्धीकरण करून वास-चव काढून टाकलेलं तेल, त्यात थोडं व्हर्जिन, म्हणजे शुद्धीकरण न केलेलं, मिसळलेलं. आणि 'पोमेस' म्हणजे चक्क पेंडीतून द्रावकाने काढून शुद्ध केलेलं. भारतात 'स्वयंपाकासाठी' म्हणून बरेचदा हेच विकलं जातं. तळायला वापरा, पण त्यात टोमॅटोचं पान शोधू नका.

पुढच्या नोव्हेंबरात पिकुआलचा पाच लिटरचा डबा आणणार आहे आणि आर्बेकिनाची पाव लिटरची बाटली. अण्णांसाठी पिकुआल वेगळं काढून ठेवलंय, गडद काचेत, कपाटाच्या आतल्या बाजूला.