मोठेपणी टिन व्हिसल शिकायचीय: शिक्षक, क्लास की रेकॉर्डेड कोर्स?

टिन व्हिसल, म्हणजे आयरिश संगीतातली छोटी उभी बासरी, हातात घेतली की पहिल्याच संध्याकाळी एखादी ओळखीची धून ओबडधोबड का होईना वाजते. सहा भोकं, वरच्या टोकाला चोच. आडव्या बासरीसारखा फुंकेचा कोन साधत बसावं लागत नाही. त्यामुळे याला शिकवणी कशाला हवी, असं वाटणं साहजिक आहे. पण दोन-तीन महिन्यांनी पुष्कळ जण अडतात, आणि बहुतेक वेळा अडतात ते बोटांपाशी नाही, फुंकेपाशी.

या वाद्यात खालच्या आणि वरच्या सप्तकाची बोटं जवळजवळ एकच असतात. सप्तक बदलतं ते फुंकेच्या जोराने. सगळ्यात खालच्या डी सुराला (डी, बी, जी ही पाश्चात्त्य सुरांची नावं) अगदी हलका श्वास लागतो, वरच्या बीला भक्कम. नवशिका सगळीकडे सारखंच फुंकतो. मग खालचे सूर फाटतात, वरचे किंचाळतात आणि दोष वाद्याला दिला जातो. यातला किती भाग आपला, हे स्वतःला ऐकू येत नाही. म्हणून पर्याय तोलताना मी आधी एकच गोष्ट पाहते: यात माझं वाजवणं ऐकणारं कोण आहे?

रेकॉर्डेड कोर्स आणि समोरचा शिक्षक

रेकॉर्डेड कोर्सची बाजू कमकुवत नाही. ऑनलाइन अकॅडमी ऑफ आयरिश म्युझिकसारख्या ठिकाणी पाठ क्रमाने लावलेले असतात, मुरलेले वादक एकेक तुकडा संथपणे वाजवून दाखवतात, आणि रात्री अकरा वाजता तोच तुकडा वीस वेळा ऐकला तरी कुणी कंटाळत नाही. नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्याला ही मोठी सोय आहे. यूट्यूबवरही भरपूर आहे, फक्त तिथे पुढचा पाठ कोणता हे आपणच ठरवायचं असतं, आणि ते ठरवण्याइतकं नवशिक्याला कळत नसतं.

मी सुरुवात अशाच कोर्सने केली. पाच-सहा धुना बसल्या होत्या. मग शिक्षकांसमोर पहिल्यांदा वाजवलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या ओळीलाच थांबवलं. मी दम घ्यायला प्रत्येक ओळीच्या शेवटी क्षणभर थांबत होते आणि तेवढ्याने ठेका मोडत होता. आयरिश धुना नाचासाठीच्या, त्यांचा ठेका थांबून चालत नाही. श्वास घ्यायला एखादा सूर गाळायचा किंवा लांब सूर आखूड करायचा, आणि कुठला सूर गाळल्याने धून लंगडी होत नाही ते शिकायचं. हे कोर्समध्ये सांगितलेलं होतं. मी ऐकलंही होतं. मी ते करत नाहीये, हे मात्र कोर्स मला सांगू शकत नव्हता.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. पैसे थोडेच असतील तर वर्षभराच्या कोर्सपेक्षा पहिल्या तीन महिन्यांत महिन्यातून दोनदा का होईना, शिक्षकांकडे जा. कोर्स नंतर घ्या, तेव्हा तो दुप्पट उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष की व्हिडिओ कॉलवर?

जवळपास टिन व्हिसलचे शिक्षक मिळणं बहुतेक ठिकाणी अवघडच. अशा वेळी दोन वाटा उरतात: जवळचे रेकॉर्डर (चोचीची उभी पाश्चात्त्य बासरी) किंवा फ्लूटचे शिक्षक, नाहीतर दूरचे पण याच वाद्याचे शिक्षक, व्हिडिओ कॉलवर.

रेकॉर्डरचे शिक्षक फुंक आणि बोटांची ठेवण उत्तम सुधारतात. पण ते जवळजवळ प्रत्येक सूर जिभेने सुटा करायला शिकवतील. आयरिश वादनात बरेच सूर एकाच श्वासात जोडलेले असतात, आणि सारखे दोन सूर वेगळे करायचे ते बोट क्षणभर उचलून, ज्याला ‘कट’ म्हणतात. एक सवय लागली की दुसरी लावणं जड जातं. आयरिश धुनांसाठीच हे वाद्य घेतलं असेल तर मी व्हिडिओ कॉलची वाट धरेन.

तिची मर्यादाही ठाऊक असू द्या. आवाज पोचायला लागणाऱ्या वेळामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही, आळीपाळीनेच वाजवायचं. शिवाय अशी अ‍ॅप्स व्हिसलचा उंच, लांब सूर गोंगाट समजून कापतात. झूममध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय आहे, ती आधी सुरू करा, नाहीतर अर्धा तास ‘ऐकू येतंय का’ यातच जातो.

गटात शिकणं

1951 साली स्थापन झालेल्या कोल्टस क्योल्टोरी एरन या आयरिश पारंपरिक संगीताच्या संस्थेच्या शाखा आयर्लंडबाहेरही अनेक देशांत आहेत, आणि बऱ्याच शाखा वाद्यांचे वर्ग घेतात. काही वर्ग मुलांनी भरलेले असतात, तेव्हा मोठ्यांसाठी वेगळा वर्ग आहे का, हे आधीच विचारा. गटात शिक्षकांचा कान तुमच्या वाट्याला कमी येतो. त्या बदल्यात एकत्र वाजवण्याचा ठेका मिळतो, आणि तो एकांतातल्या कुठल्याही शिकवणीत मिळत नाही.

‘स्लो सेशन’ म्हणजे धुना मुद्दाम संथ लयीत एकत्र वाजवण्याची बैठक. हा वर्ग नव्हे, पण चार-पाच धुना नीट येत असतील तर जाच. त्याआधी गेलात तरी कोपऱ्यात बसून ऐकायला कुणी हरकत घेत नाही.

आठवड्याच्या शिबिरांबद्दल थोडक्यात. सगळ्यात नावाजलेलं म्हणजे आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॅलबे इथलं विली क्लॅन्सी समर स्कूल, 1973 पासून दर जुलैत भरणारं. तिथे दिवसाचा वर्ग आणि रात्रीची सेशन्स असं भरगच्च असतं. अगदी कोऱ्या पाटीने एवढा प्रवास करू नये, वर्षभराच्या रियाजानंतर तो आठवडा खरा फळतो.

पुस्तकं सोबतीला हवीत, एकटी पुरत नाहीत.

पैसे भरण्याआधी

वाद्य डी स्वराचंच घ्या. बहुतेक धुना डी आणि जी या पट्ट्यांतल्या आणि बहुतेक शिक्षक तेच गृहीत धरतात. लांब, खर्जातली ‘लो व्हिसल’ कितीही मोहात पाडो, तिला बोटं फार ताणावी लागतात, ती नंतर.

शिक्षकांकडे एक चाचणी तास मागा आणि दोन गोष्टी विचारा. पाठ रेकॉर्ड करू द्याल का? आणि शिकवणं कानाने की नोटेशनवरून? परंपरा कानाने, तुकड्या-तुकड्याने शिकवण्याची आहे. मोठ्या माणसाला कागदाचा आधार सोडवत नाही, पण जे शिक्षक आधी तुकडा ऐकवून तुमच्याकडून वाजवून घेतात आणि कागद शेवटी देतात, त्यांच्याकडे धून लवकर मुरते, असा माझा अनुभव आहे. आणि त्या तासात घड्याळाकडे लक्ष ठेवा: तीस मिनिटांतली निदान पंधरा मिनिटं तुम्ही वाजवलंत आणि त्यांनी ऐकलं, तर पुढचा महिना निश्चिंत भरा.